परके ते गाळावे

राज्य मनोपचार परिषदेने 'समत्व' यंत्राच्या तिसऱ्या वर्षपूर्तीनिमित्त जो अहवाल काढला, त्याचे पहिलेच वाक्य असे आहे : "स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या मनोपचारकांवरील भावनिक भार आता व्यवहारतः शून्यावर आला असून, त्यांची व्यावसायिक जाणकारी तसूभरही कमी झालेली नाही."

वाक्य देखणे आहे. शून्य मोजले कोणी, एवढाच प्रश्न त्याला विचारू नये. कारण ते मोजले यंत्राने, आणि भार म्हणजे काय, तर यंत्र ज्याला भार म्हणते तो. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, उत्तरे लिहावी, गुण द्यावे आणि निकालाच्या दिवशी स्वतःच्या गळ्यात हार घालून घ्यावा, असा हा प्रकार. पाहणीत सहाशे अकरा मनोपचारकांची मते घेतली गेली. त्या तीन वर्षांत व्यवसाय सोडून गेलेल्यांची घेतली नाहीत, कारण तळटिपेत म्हटल्याप्रमाणे "ते आता मनोपचारक नाहीत." बुडालेल्यांना वगळून पोहणाऱ्यांची गणती केली, की कोणतीही नदी उथळच ठरते.

उरली जाणकारी. तिच्या पुराव्यादाखल अहवालात एकच प्रकरण दिले आहे, नाशिकचे. "यंत्र धारण केलेले असतानाही एका मनोपचारकास रुग्णाच्या जिवाचा धोका जाणवला, व तिने तत्परतेने योग्य ते पाऊल उचलले." नाव दिलेले नाही, गोपनीयतेची परिषदेला फार चाड. ते नाव विशाखा गांगुर्डे.

शरणपूर रोडला एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. खालून ड्रिलचा आवाज येई, आणि नवा माणूस पहिल्यांदा दचकला की ती म्हणे, "घाबरू नका, ते खाली. वर आम्ही भूल न देता काढतो." हा विनोद ती एकोणीस वर्षे करत होती.

या कामाचे जे लोकांना दिसते ते ऐकणे. न दिसणारे असे, की ऐकलेले कुठे ठेवायचे याची सोय कोणी केलेली नसते. इस्पितळातल्या मनोपचारकाला निदान जेवणाच्या सुट्टीत सुस्कारा टाकायला सहकारी असतो. स्वतंत्र व्यवसायात दार लावले की आपण आणि भिंत. नवऱ्याला सांगता येत नाही, कारण वचन दिलेले असते. लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसलेली बाई कोणाची बायको आहे आणि तिचा नवरा मंगळवारी साडेपाचला काय सांगून गेला, हे ठाऊक असताना तिच्या पानात मठ्ठा कमी आहे याचीच काळजी चेहऱ्यावर दाखवायची. दोन माणसांच्या मध्ये दहा मिनिटे. तेवढ्यात तोंड धुवायचे, चिक्कीचा तुकडा चघळायचा, आणि एका घरातले मरण पुसून दुसऱ्या घरातल्या घटस्फोटासाठी नवा चेहरा लावायचा.

त्यावर नाशिकच्या पाच जणांनी आपल्यापुरता एक उपाय काढला होता. दर गुरुवारी दुपारी ते आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमत. रुग्णाचे नाव नाही, गाव नाही, हकिकत नाही. ज्याची पाळी असेल त्याला एकच प्रश्न : शरीरात कुठे? मग कोणी म्हणे घशात, कोणी म्हणे बरगड्यांखाली. विशाखाचे बहुधा उजव्या खांद्यात असे. बाकीचे चौघे गप्प बसून ते तिथे आहे एवढे मान्य करत, आणि मग पोहे येत. या मंडळींत वडीलधाऱ्या होत्या निरुपमा शेजवलकर. विशाखा त्यांच्याच हाताखाली शिकली होती आणि त्यांना नीरूताई म्हणत असे.

यंत्र आले आणि गुरुवार गेले. मनाई कोणी केली नाही. पाचही जण जमले, प्रश्न विचारला गेला, आणि कोणाच्याच शरीरात कुठेच काही नव्हते. मग पोहे खाल्ले, गंगापूर धरणाकडच्या जमिनींवर बोलणे झाले. तिसऱ्या महिन्यात बोलावणेच आले नाही. त्याच सुमारास नीरूताई परिषदेच्या सदस्य झाल्या.

यंत्रामागचे शास्त्र खोटे नव्हते. म्हणून तर ते खपले. दोन माणसे समोरासमोर बसून मनापासून बोलू लागली, की त्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास, तळहातांचा घाम यांचे आलेख हळूहळू एकमेकांसारखे होऊ लागतात. एकाचा आलेख आधी वळतो, दुसऱ्याचा दोन-तीन सेकंदांनी त्याच्यामागून. चांगल्या मनोपचारकाचा आलेख मागून वळणारा असतो. समोरच्याचे दुःख त्याला कळते ते आधी नाडीला आणि मग डोक्याला. 'समत्व' हे कानामागे बसवायचे, भोपळ्याच्या बीएवढे उपकरण. ते धारण करणाऱ्याच्या नाडीचा आलेख घेई, आणि समोरच्याच्या आवाजातल्या सूक्ष्म कंपांवरून त्याच्या नाडीचा अंदाज बांधी. दोन्ही ताडून पाहिले, की निवाडा सोपा. लहर कोणाच्या मागोमाग आलेली नसेल तर ती स्वतःची; कानामागे एक टिचकी. मागोमाग आलेली असेल तर परकी. दोन टिचक्या, आणि लगोलग एक मंद विद्युत्प्रवाह. कानाच्या पाळीजवळून एका लांबलचक मज्जातंतूची फांदी जाते. त्या मज्जातंतूचा हात थेट हृदयाच्या लगामावर. फांदीला चुचकारले की ठोके खाली येतात, पोटातला गोळा विरतो. परकी लहर गाळली जाते. धंद्यातली माणसे यंत्राला गाळणीच म्हणत.

दोष व्याख्येत होता. जे दुसऱ्यामुळे उमटले ते परके, असे एकदा ठरले की तान्ह्याच्या रडण्याने आईला फुटणारा पान्हाही परकाच ठरतो. हे कोणत्याही अडाणी बाईने सांगितले असते. तज्ज्ञ समितीत तशी बाई नव्हती. इस्पितळांनी गाळणीला नकार दिला. स्वतंत्र मनोपचारकांना तो देता आला नाही, कारण त्यांच्या बाजूने बोलणारी संघटना नव्हती आणि परवाना परिषदेच्या हातात होता. रोज अठरा तास धारण करणे सक्तीचे झाले. कामाच्या वेळेपुरती का नाही, तर "घरी नेलेला अवशेषही निचरून जावा" म्हणून.

पहिले वर्ष विशाखाला ती खरोखरच मोकळीक वाटली. खांदा दुखायचा थांबला. सहा माणसे पाहून ती संध्याकाळी ताजीतवानी घरी येई, भाजी निवडी, गुणगुणे. मग केव्हातरी तिच्या लक्षात आले, की आपण आधी टिचकीची वाट पाहतो आणि मग आपल्याला काय वाटले ते ठरवतो. मैत्रिणीच्या मुलीला नोकरी लागली : दोन टिचक्या. वर्गातली एक जुनी सोबतीण गेल्याचे तिच्या भावाने फोनवर सांगितले : दोन टिचक्या. एके दिवशी तिने हट्टाने दिवसभर एकाच टिचकीचा हिशेब ठेवला. ती पडली तीनदा. नळाला पाणी नव्हते तेव्हा, आम्लपित्ताने जळजळले तेव्हा, आणि दुपारी खिडकीपाशी नुसतीच उभी होती तेव्हा. तीन वर्षांत निर्विवादपणे स्वतःची म्हणून तिच्या पदरात उरलेली भावना म्हणजे कंटाळा.

हे चूक आहे की नाही, हेही तिला नीट कळेना. शिकत असताना नीरूताईंनीच बजावले होते, की आलेली प्रत्येक भावना आपली आहे की समोरच्याची, हे आधी विचारावे. यंत्र तेच तर विचारत होते, आणि तिच्याहून लवकर. मग त्रास कशाचा व्हायचा? आणि होत असेल, तर त्याची टिचकी का पडत नव्हती?

तिचा नवरा प्रबोध तंत्रनिकेतनात शिकवी. महिनाभरापूर्वी त्याच्या मानेत गाठ आढळली होती आणि तिचा तुकडा तपासायला दिला होता. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी, चहा निवत असताना, तो पहिल्यांदाच त्याविषयी बोलला. रोज आंघोळीच्या वेळी गाठ चाचपतो, म्हणाला. मोठी झाली की काय ते कळत नाही. वर्गात फळ्याकडे वळतो तेव्हा हात आपोआप तिथे जातो. विशाखाने ऐकले. कुठे थांबायचे तिथे ती थांबली, कुठे मान हलवायची तिथे हलवली, त्याचेच शब्द हळुवारपणे त्याला परत दिले. कानामागे दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन. प्रबोध बोलता बोलता थांबला.

"इतकं छान ऐकलंस विशू, की मला फी द्यावीशी वाटली," तो म्हणाला आणि कप विसळायला उठला.

त्यात टोमणा होता हे तिला समजले. तो लागायला हवा होता हेही समजले. लागला नाही.

अकरा वाजता भालचंद्र सोनजे आले. लिफ्टची सुरक्षा तपासणारे सरकारी निरीक्षक, वय बावन्न, बायको जाऊन दोन वर्षे झालेली. त्यांची बोलायची रीत तपासणी-अहवालासारखी : आधी घराची अवस्था, मग प्रकृती, मग शेरा. त्या दिवशीही तसेच चालले होते. गच्चीवरची टाकी कशी रिकामी केली, तळाला किती गाळ निघाला, झाकणाची बिजागरी कशी बदलली. स्वर नेहमीचा, चेहरा नेहमीचा. विशाखा नेहमीसारखी ऐकत होती, आणि आत काही नव्हते. त्या 'काही नव्हते'कडे ती पाहत राहिली. सकाळपासून तेच पाहत होती. आपल्यात काही शिल्लक आहे का, हे तिला एकदा बघायचे होते, आणि बघायला समोर सोनजे होते. तिने केस मागे सारायचे निमित्त केले, गाळणी काढली आणि मुठीत धरली.

मिनिटभर काही झाले नाही. सोनजे बिजागरीला तेल किती घातले ते सांगत होते, आणि विशाखाच्या डोळ्यांतून एकदम पाणी वाहायला लागले, ते थोपेना. एकोणीस वर्षांत ती रुग्णासमोर रडली नव्हती. सोनजे थांबले.

"मॅडम, काय झालं?"

"मला भीती वाटतेय. कसली ते कळत नाहीये."

खाली ड्रिल सुरू झाले आणि बंद पडले. सोनज्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिले.

"मला उद्याची वाटतेय," ते म्हणाले. "उद्याचं सगळं ठरवून झालंय माझं. टाकी त्यासाठीच साफ केली. मागून येणाऱ्यांना घर नीट मिळावं."

नंतरचे सारे तिने नियमाप्रमाणे केले. त्यांना एकटे सोडले नाही, सिन्नरहून त्यांच्या बहिणीला, माईंना, बोलावून घेतले, इस्पितळात बोलली. सोनजे बारा दिवस तिथे होते आणि नंतर माईंकडे. प्रबोधची गाठ साधी निघाली; तो निरोप आला तेव्हा गाळणी पुन्हा कानामागे होती आणि सुटकेच्या दोन टिचक्या पडल्या.

मधल्या काळात ती त्या भीतीची चिरफाड करत बसली. प्रबोधची सकाळची भीती उशिरा उफाळली असेल. सोनज्यांची असेल. किंवा तीन वर्षे चुचकारलेला मज्जातंतू अचानक मोकळा सुटल्यावर घेतो तशी नुसती उसळी असेल, त्यात भाव वगैरे काही नसेल. तिन्ही उपपत्ती शास्त्राला धरून होत्या. तिन्हींनी सारखेच पाणी आले असते.

बरे वाटल्यावर सोनज्यांनी, सरकारी माणसाच्या सवयीने, परिषदेला आभाराचे पत्र लिहिले. संदर्भ, विषय, मुद्देसूद मजकूर. त्यातला चौथा मुद्दा असा, की मॅडमनी कानामागचे यंत्र काढले व त्यामुळेच त्यांना माझी अवस्था समजली. पत्राची पोच आली नाही. विशाखाला नोटीस आली : सत्र चालू असताना यंत्र काढल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.

सुनावणीच्या आठवडाभर आधी नीरूताई स्वतः नाशिकला आल्या. सोफ्यावर मांडी घालून बसल्या, प्रबोधची चौकशी केली, दुसऱ्यांदा चहा मागितला. मग मुद्द्यावर आल्या. नियमात अपवाद होता : रुग्णाच्या जिवाला धोका आहे असे जाणवल्यास यंत्र काढण्याची मुभा. तो अपवाद घ्यायचा. परवाना राहील, वर शाबासकी मिळेल; परिषदेला असे उदाहरण हवेच होते, अहवालाच्या मसुद्यात ते घातलेही होते.

"पण मला काही जाणवलंच नव्हतं, नीरूताई. काढल्यावर जाणवलं."

"अगं, मग खोटं कुठे सांगायचंय तुला? थोडं आधी सांगायचंय. भीती वाटलीच ना? काढण्याआधी वाटली म्हण. दोन मिनिटांचा तर फरक."

"त्या दोन मिनिटांवरच तुमचं अख्खं यंत्र उभं आहे."

नीरूताईंनी ते नाकारले नाही. उलट शांतपणे समजावले. खरे सांगितलेस तर तुझ्याकडे येणारी अठरा माणसे उद्या कोणाकडे जातील? आणि सोनजे? कोणीतरी आपले दुःख ओळखले, एवढ्या एका समजुतीवर तो माणूस उभा आहे. ती काढून घेणार आहेस? तर्कात खोट नव्हती. विशाखा त्यांच्याकडे पाहत होती. हीच बाई तिच्या पहिल्या रुग्णाच्या मृत्यूनंतर तिच्याबरोबर अर्धा दिवस जमिनीवर बसून राहिली होती.

"शरीरात कुठे, नीरूताई?" तिने विचारले.

त्या बराच वेळ खरोखरच शोधत राहिल्या. "कुठेच नाही गं," म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात थोडे नवल होते.

आता आकडेमोड स्वच्छ होती. खोटे बोलले तर परवाना वाचतो आणि गाळणीला तिच्याच नावाचे प्रमाणपत्र मिळते. गाळणी घालूनही कळते, ही बघा नाशिकची साक्ष. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर पुढचे सोनजे कोणाच्यातरी तितक्याच ताज्यातवान्या चेहऱ्यासमोर टाकीची बिजागरी वर्णन करून घरी जातील. खरे बोलले तर परवाना जातो. आणि खरे तरी काय? आपण का काढली, एवढेच तिला पक्के ठाऊक होते, आणि तेच सर्वांत लाजिरवाणे होते.

ते समितीच्या आधी सोनज्यांना सांगणे भाग होते. तिने त्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारले, सोनज्यांना शरणपूर रोडला बोलावले, सोबत आलेल्या माईंना बाहेरच्या खोलीत बसवले, आणि सांगितले : धोका ओळखून नव्हे, स्वतःला तपासायला गाळणी काढली होती.

सोनज्यांनी ऐकून घेतले. मग त्यांच्या कामातलेच एक सांगितले.

"लिफ्टची भारचाचणी घेतो तेव्हा आत माणूस ठेवत नाही, मॅडम. वाळूची पोती ठेवतो. पडली तर पोती पडावीत. त्या दिवशी मी पोतं होतो."

"हो," विशाखा म्हणाली. गाळणी कानामागे नव्हती. तिने ती त्या दिवशी घरीच ठेवली होती, आणि हा दुसरा गुन्हा.

"आणि रडलात ते?"

"कोणासाठी ते ठाऊक नाही."

"माझ्यासाठी नव्हतं, हे तरी ठाऊक आहे?"

तिने विचार केला. "तेही नाही."

त्यांनी मान हलवली, रागाने की कशाने ते तिला ओळखता आले नाही; सवय मोडली होती. उठताना ते दाराशी घुटमळले. डॉक्टरांनी सुचवलेला दुसरा मनोपचारक कसा आहे, असे विचारले. चांगला आहे, ती म्हणाली. तोही गाळणी लावतो. मग मंगळवारी इथेच येतो, ते म्हणाले. परवाना नसेल मंगळवारपर्यंत, तिने सांगितले. यावर सोनज्यांनी शेरा दिला नाही. बहिणीला हाक मारली आणि जिना उतरून गेले.

सुनावणी पुण्यात झाली. पाच सदस्य, एक टंकलेखक, पाण्याच्या बाटल्या. नीरूताई टोकाच्या खुर्चीवर होत्या आणि प्रश्न त्यांनीच विचारला, मोठ्या आस्थेने, उत्तर आतच बांधून दिलेला : यंत्र काढण्यापूर्वी आपल्याला धोका जाणवला होता, असे आपले म्हणणे आहे ना? परिषदेचा अहवाल तोवर छपाईला गेलेला होता. परवाना रद्द झाल्यावर तो प्रसिद्ध झाला, आणि नाशिकचे वाक्य त्यात जसेच्या तसे राहिले. विशाखा गांगुर्डे यांचा जबाब परिषदेच्या दप्तरी आहे. मागणाऱ्याला त्याची नक्कल मिळते. अद्याप कोणी मागितल्याचे दिसत नाही. टंकलेखकाने तो टिपला तो असा :

"नाही. यंत्र मी काढले, पण धोका जाणवला म्हणून नाही. ते कानामागे होते तोवर मला काहीही जाणवत नव्हते. त्या सकाळी नवरा घाबरलेला होता आणि मला काही वाटले नाही. मी अजून माणूस आहे का ते मला बघायचे होते. त्यासाठी मी समोर बसलेल्या रुग्णाला वापरले. हा गुन्हा आहे आणि मला तो कबूल आहे. नंतर भीती वाटली. ती कोणाची होती हे समितीने पुन्हा पुन्हा विचारले आहे. मला ठाऊक नाही. मी आजही ते सांगू शकत नाही. सोनजे वाचले ते माझ्या जाणकारीमुळे नव्हे, माझ्या आपमतलबीपणामुळे. हे असेच लिहून घ्या."